ग्राहकाच्या शेड्यूलवर एक कोटीची मशीनं घ्यावीत का? निव्वळ वर्तमान मूल्याने जोखीम मोजण्याची रीत

नवं मशीन घ्यायचं ठरलं की कारखान्यात साधारण एकच प्रश्न विचारला जातो: पैसे किती वर्षांत सुटतील? बँकेसाठी सीए जो प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतो, त्यात आणखी एक आकडा असतो, हप्ते फेडण्याची ताकद किती. दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत. पण पहिला पैसे सुटल्यानंतरच्या वर्षांकडे बघत नाही, दुसरा बँकेच्या सुरक्षिततेचा आहे. "ही गुंतवणूक करून मी आजच्यापेक्षा श्रीमंत होईन की गरीब?" या मालकाच्या प्रश्नाचं उत्तर निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजेच एनपीव्ही देतं: पुढच्या वर्षांत येणारे पैसे आजच्या किमतीत आणायचे आणि त्यातून आज घालायचे पैसे वजा करायचे.

एनपीव्हीचं सूत्र अर्ध्या तासात शिकता येतं. खरं काम आहे ते धोका त्या सूत्रात नेमका कुठे आणि कसा बसवायचा हे. या लेखाचा बहुतेक भाग त्यावर आहे.

उदाहरण

भोसरी एमआयडीसीतली एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी घेऊ. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरचं ॲल्युमिनियम हाउसिंग मशीन करून देण्याचं काम चालून आलं आहे. कास्टिंग ग्राहक देणार, मशिनिंग आपलं. ग्राहक म्हणतो पहिल्या वर्षी ४८,००० नग, पुढे दरवर्षी ७२,०००. हेच त्याचं शेड्यूल. त्यासाठी दोन व्हीएमसी, म्हणजे व्हर्टिकल मशिनिंग सेंटर, लागतील. आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्याकडे कोटेशन आहे, ते घाला.

धोका कुठून येतो हेही पाहा. फेम-२ योजनेतलं इलेक्ट्रिक दुचाकींचं अनुदान १ जून २०२३ पासून प्रति किलोवॅट-तास १५,००० रुपयांवरून १०,००० वर आलं आणि त्याची कमाल मर्यादा गाडीच्या कारखाना-किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर. दिल्लीतल्या एका अधिसूचनेने स्कूटरची किंमत बदलते, किंमत बदलली की मागणी, आणि मागणी बदलली की भोसरीतल्या वेंडरचं शेड्यूल. मोठी नावंही यातून सुटत नाहीत. टाटा नॅनोसाठी साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या क्षमतेचा उभारला. एकाही वर्षी विक्री एक लाखापर्यंत पोचली नाही. त्या अडीच लाखांच्या भरवशावर ज्यांनी मशीनं घेतली असतील, त्यांची फसगत सायकल टाइमच्या, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या वेळेच्या हिशेबात झालेली नव्हती.

पहिली पायरी: आज किती पैसा जाणार

दोन व्हीएमसी, प्रत्येकी ३५ लाख: ७० लाख. फिक्स्चर (नग मशीनवर पकडून ठेवणारी साधनं), टूल होल्डर, गेज: १२ लाख. फाउंडेशन, वाहतूक, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर: ८ लाख. एकूण ९० लाख.

यात खेळतं भांडवल धरायला बहुतेक जण विसरतात. माल आज गेला तरी पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात. पगार आणि इन्सर्टचे (कापणाऱ्या टूलच्या बदलायच्या टोकांचे) पैसे मात्र आधी जातात. १० लाख धरू. हा पैसा प्रकल्प संपताना परत मिळतो, पण तोवर अडकलेला असतो, म्हणून तो आज जाणाऱ्या रकमेत हवा. एकूण १०० लाख.

जीएसटीचा परतावा इनपुट क्रेडिटमधून मिळतो, पण हळूहळू. ९० लाखांवर १८ टक्के म्हणजे १६ लाखांहून जास्त रक्कम काही महिने गुंतून पडते. गणित सुटसुटीत राहावं म्हणून ती ओळ मी इथे वगळली आहे. तुमच्या शीटमध्ये ती घाला.

सॅम्पल पास करून घेण्यासाठी आधीच खर्च झालेले लाख-दोन लाख मात्र मोजू नका. काम घेतलं काय, सोडलं काय, ते परत येणार नाहीत. "एवढा खर्च केलाय, आता मागे कसं फिरायचं" हे वाक्य एनपीव्हीच्या शीटमध्ये कुठल्याच ओळीत बसत नाही.

दुसरी पायरी: दरवर्षी हातात किती येणार

दर ₹९५ प्रति नग. इन्सर्ट, कूलंट, वीज, रिजेक्शन मिळून ₹२०. म्हणजे नगामागे ₹७५ उरतात. थांबे धरून एका नगाला ८ मिनिटं लागतील असं समजू. दोन पाळ्या, ३०० दिवस, दोन मशीनं, बरोबर ७२,००० नग.

स्थिर खर्च पहिल्या वर्षी १४ लाख: चार ऑपरेटरचे पगार ९.६, देखभाल व विमा २, आणि शेडच्या मोकळ्या अर्ध्या भागाचं भाडं २.४ लाख. शेड स्वतःचं असलं तरी भाडं का? कारण तो भाग वीस हजार महिन्याने देता आला असता आणि या कामामुळे ते उत्पन्न बुडणार आहे. स्थिर खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढेल. नगाचा दर वाढणार नाही. वाहन उद्योगात ग्राहक दर वाढवून देईल असं गृहीत धरणं धाडसाचं आहे.

कर: सवलतीच्या व्यवस्थेतल्या कंपनीला २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर, म्हणजे २५.१७ टक्के. भागीदारी किंवा मालकीची फर्म असेल तर तुमचा दर घ्या. घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेपोटी करात मिळणारी वजावट, सर्वसाधारण यंत्रांवर १५ टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे आधीचा घसारा वजा जाऊन उरलेल्या किमतीवर. वर्षात मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, म्हणून जानेवारीत बसवलेलं मशीन आणि जुलैत बसवलेलं मशीन यांचं पहिलं वर्ष सारखं नसतं.

घसारा खिशातून जात नाही, पण कर वाचवतो. दुसऱ्या वर्षाचं गणित: ७२,००० नग × ₹७५ = ५४ लाख. त्यातून स्थिर खर्च १४.८४ वजा, उरले ३९.१६. घसारा ११.४८, म्हणून करपात्र २७.६८ आणि कर ६.९७. हातात ३२.१९ लाख. घसारा फक्त कर काढण्यापुरता वजा केला. शेवटच्या आकड्यातून नाही.

आणि कर्जाचे हप्ते? ते इथे कुठेच येत नाहीत. व्याजाची किंमत पुढच्या पायरीत दरामध्ये धरली जाते. इथेही वजा केली तर तोच खर्च दोनदा मोजला जाईल. मला शीटमध्ये सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक हीच आहे, आणि तिच्यामुळे चांगली कामं नाकारली जातात.

पाचव्या वर्षअखेर दोन्ही मशीनं विकून २८ लाख आणि खेळतं भांडवल १० लाख परत येईल असं धरू.

तिसरी पायरी: कोणत्या दराने आज आणायचं

निम्मा पैसा बँकेचा, १०.५ टक्क्यांनी. व्याजावर कर वाचतो, म्हणून खरा खर्च ७.९ टक्के. निम्मा पैसा मालकाचा. तो याच धंद्यात, इतक्याच जोखमीच्या दुसऱ्या कामात घातला असता तर किती मिळाले असते? २० टक्के धरू. दोन्हींची सरासरी साधारण १४ टक्के. मालकाच्या पैशाला मुदत ठेवीचा दर लावू नका. मुदत ठेवीत मशीनचा स्पिंडल मोडत नाही.

१४ टक्क्यांनी एक वर्षानंतरचा रुपया आज ८८ पैशांचा, पाच वर्षांनंतरचा ५२ पैशांचा.

| वर्ष | हाती येणारी रक्कम (लाख) | गुणक | आजचं मूल्य (लाख) |
|---|---|---|---|
| ० | −१००.० | १.००० | −१००.० |
| १ | १९.९ | ०.८७७ | १७.४ |
| २ | ३२.२ | ०.७६९ | २४.८ |
| ३ | ३१.१ | ०.६७५ | २१.० |
| ४ | ३०.० | ०.५९२ | १७.८ |
| ५ | ६७.० | ०.५१९ | ३४.८ |

बेरीज अधिक १६ लाखांच्या आसपास. बँकेचे आणि मालकाचे अपेक्षित पैसे देऊन वर १६ लाख, आजच्या किमतीत.

एक्सेल वापरताना एक खबरदारी घ्या. त्यातलं एनपीव्ही फंक्शन यादीतली पहिलीच रक्कम एका वर्षानंतरची समजतं. म्हणून फंक्शनमध्ये वर्ष १ ते ५ एवढेच घाला आणि आजचे १०० लाख बाहेरून वजा करा. सगळे सहा आकडे आत घातले तर उत्तर चुकतं, आणि चुकल्याचं कळतही नाही.

इथे बरेच जण थांबतात. आकडा धन आला, पर्चेस ऑर्डर काढली.

धोका दरात घालू नका

काम जोखमीचं आहे, मग दर १४ ऐवजी १७-१८ टक्के घेऊ या, असा सल्ला सर्रास मिळतो. वरच्या आकड्यांवर ते करून पाहिलं. १७ टक्क्यांनी एनपीव्ही साडेसहा लाख. १९ टक्क्यांनीसुद्धा एक लाखाच्या आसपास, पण धनच. म्हणजे दर पाच टक्क्यांनी वाढवूनही शीट "घ्या" असंच म्हणते.

आता दर १४ वरच ठेवा आणि फक्त नग कमी करा. प्रत्येक वर्षी १० टक्के कमी धरले की १६ लाखांचे ३ लाख होतात. आठवा भाग कमी झाला की शून्य.

या दोन निकालांतच सगळं आलं. चढवलेला दर सगळ्याच वर्षांना कातरतो आणि दूरच्या वर्षांना जास्त. पण या कामातला धोका असा पसरलेला नाही. तो एका जागी आहे: स्कूटर विकली जाते की नाही. तो पहिल्या दीड वर्षातच कळणार आहे. म्हणून त्याची जागा नगांच्या ओळीत आहे.

बाकीच्या ओळीही एकेक करून हलवून पाहा. नगाचा दर एक रुपयाने घसरला तर एनपीव्हीतून १.७ लाख जातात. ९५ चे ८६ झाले की फायदा संपतो. ग्राहकाने दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी ३ टक्के दरकपात मागितली, जी या धंद्यात नवलाची नाही, तर ९ लाख तिथेच गेले. मशीनं २८ ऐवजी १८ लाखांना विकली गेली तर ५ लाखांचा फरक. हे करण्याचा हेतू शीट सजवणं हा नाही. मशीनच्या किमतीत दोन लाख कमी करून घ्यायला आपण तीन मीटिंगा घालवतो आणि नगांच्या हमीबद्दल एकही नाही, हे त्या आकड्यांतून समोर यावं.

तीन शक्यता, तीन शीट

पहिली शक्यता ग्राहकाच्या शेड्यूलची: अधिक १६ लाख.

दुसरी, काम सावकाश वाढतं: २४,०००, मग ४०,०००, मग दरवर्षी ५४,०००. पहिल्या वर्षी एकच पाळी चालवून पगार वाचवला तरी एनपीव्ही उणे २५ लाख.

तिसरी, मॉडेल बंद पडतं: २४,०००, ३०,०००, मग काही नाही. दुसऱ्या वर्षअखेर मशीनं ४५ लाखांना विकली, फिक्स्चर भंगारात. उणे ३९ लाख. मशीन सर्वसाधारण व्हीएमसी आहे म्हणून ४५ तरी आले. याच कामापुरतं बनवलेलं खास मशीन असतं तर खरेदीदारच मिळाला नसता. जोखमीच्या कामाला शक्यतो सर्वसाधारण मशीन घ्यावं असं मी म्हणतो ते यासाठी, सायकल टाइम थोडा जास्त लागला तरी.

प्रत्येक शक्यतेला किती टक्के द्यायचे? याच ग्राहकाचे मागचे तीन-चार नवे पार्ट काढा. आशयपत्रात (काम देण्याचा इरादा कळवणाऱ्या पत्रात) लिहिलेले नग आणि प्रत्यक्षात उचललेले नग शेजारी मांडा. शेजारच्या गल्लीतला जो वेंडर त्यांना माल देतो त्याच्याशी बोला. परचेसच्या माणसाने चहावर दिलेल्या दिलाशापेक्षा हा कागद जास्त खरा असतो.

समजा अंदाज आला ४५, ३५ आणि २० टक्के. तर सरासरी: ७.१ वजा ८.७ वजा ७.९, म्हणजे उणे साडेनऊ लाख. तेच काम, तोच दर, तीच मशीनं, आणि उत्तर उलटं.

टक्क्यांवर विश्वास बसत नसेल तर प्रश्न फिरवा: शेड्यूल खरं होण्याची शक्यता किती असायला हवी? दुसऱ्या दोन शक्यतांचं प्रमाण तेच ठेवलं तर उत्तर येतं सुमारे दोन तृतीयांश. तीनातली दोन वेळा हा ग्राहक बोलल्याप्रमाणे माल उचलतो का? याला हो किंवा नाही म्हणता येतं.

सरासरीच्या जोडीला तग धरण्याचा हिशेब वेगळा मांडा. ५० लाखांचं पाच वर्षांचं कर्ज १०.५ टक्क्यांनी म्हणजे महिन्याला १.०७ लाख, वर्षाला जवळपास १३ लाखांचे हप्ते. काम सावकाश वाढलं तर पहिल्या वर्षी हातात येतात १० लाख. व्याजावरची करबचत धरूनही कमी पडतात. ती भर कुठून येईल हे आधी ठरलेलं नसेल, तर एनपीव्ही धन असूनही कारखाना अडचणीत येऊ शकतो.

नकार देण्याआधी सौद्याची रचना बदला

उणे साडेनऊ आलं म्हणून काम सोडायचं का? नाही. पैसा ज्या क्रमाने जातो तो क्रम बदलता येतो.

आज एकच मशीन घ्या. फिक्स्चर ७, बाकी ५, खेळतं भांडवल ५. एकूण ५२ लाख. एका मशीनवर दोन पाळ्यांत ३६,००० नग निघतील. वर्षभराने मागणी दिसली तर दुसरं घ्या. किंमत दोन लाखांनी वाढेल असं धरू, खेळत्या भांडवलासह ५० लाख.

याची किंमत मोजावी लागते आणि ती शीटमध्ये दिसायला हवी. पहिल्या वर्षी १२,००० नग हातचे जातील. ग्राहक ते दुसऱ्याकडून करून घेईल, आणि तो दुसरा वेंडर मग टिकेल. म्हणून पुढे ७२,००० ऐवजी ६६,००० च नग धरले. शेड्यूल खरं झालं तर एनपीव्ही आता ९ लाख, म्हणजे आधीपेक्षा कमी.

पण काम सावकाश वाढलं तर दुसरं मशीन घेतलंच जात नाही. एका मशीनवर ३६,००० नग करत राहिलं तर अधिक २ लाख. मॉडेल बंद पडलं तर उणे १४ लाख, ३९ नव्हे. त्याच टक्क्यांनी सरासरी: अधिक २ लाख.

उणे साडेनऊपासून अधिक दोनपर्यंत, साडेअकरा लाखांचा फरक. तो मशीनवाल्याने सूट दिल्यामुळे आलेला नाही, ग्राहकाने दर वाढवल्यामुळेही नाही. माहिती मिळेपर्यंत निम्मा पैसा हातात राखला, त्याची ही किंमत आहे. एकाच शीटमध्ये एकच अंदाज घालणाऱ्याला हा फरक कधीच दिसत नाही, कारण त्या शीटमध्ये वर्षभराने निर्णय घेणारा माणूसच नसतो.

आता ग्राहकाशी बोलायला बसा, हातात हे आकडे घेऊन. पहिली मागणी: फिक्स्चरचे ७ लाख तुम्ही द्या. फिक्स्चरसारख्या टूलिंगचा खर्च ग्राहकाने देणं या उद्योगात रूढ आहे, त्यात संकोच नको. त्याने प्रत्येक शक्यतेत एनपीव्ही सहा-साडेसहा लाखांनी सुधारतो आणि सर्वांत वाईट शक्यता उणे साडेसातवर येते. तेवढं देता येत नसेल तर दुसरी मागणी: किमान नगांची हमी, आणि नग कमी उचलले तर फिक्स्चरचा उरलेला खर्च भरून देण्याचं कलम. दर वाढवून मागण्यापेक्षा हे पदरात पडण्याची शक्यता जास्त असते, कारण ग्राहकाला स्वतःच्या शेड्यूलवर खरा भरवसा असेल तर या कलमाचा त्याला काहीच खर्च नाही. त्याने ठाम नकार दिला तर ४५ टक्क्यांचा आकडा खाली आणा.

तिसरी गोष्ट पैसे वेळेवर मिळण्याची. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट ग्राहकाला त्याच्या आयकरात प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. उद्यम नोंदणीचा (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

राहिलं दुसरं मशीन. ते घ्यायचं की नाही हे वर्षभराने उत्साहाच्या भरात ठरवू नका. आजच शीटवरून ठरवा. फक्त त्या मशीनचं वेगळं गणित केलं तर ६६,००० नगांवर ते जेमतेम दीड लाखाने फायद्यात येतं आणि ६०,००० वर ८ लाखांनी तोट्यात जातं. म्हणून नियम लिहून ठेवा: प्रत्यक्ष उचल सलग तीन महिने दरमहा ५,५०० नगांची मागणी दाखवत नसेल, तर दुसऱ्या मशीनचं कोटेशनही मागवायचं नाही. मधल्या काळात महिन्याला ३,००० नगांच्या वर गेलेलं काम तिसऱ्या पाळीत काढा, रात्रपाळीचा जास्तीचा पगार धरूनसुद्धा ते स्वस्त पडतं. आणि दर तिमाहीला त्याच शीटमध्ये अंदाजाशेजारी प्रत्यक्ष नग भरत चला. पुढच्या कामाचे टक्के ठरवताना हाच कागद लागणार आहे.